कुकुंदर मर्म, जुन्नरचे यवन आणि विद्युत्स्पंद

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यांत हिरडा काढण्यासाठीं लोक झाडावर चढतात. तेथून पडून कण्यास जबर इजा झाली, तर कमरेखालचें अंग लुळें पडतें. या अवस्थेचें नेमकें वर्णन सुश्रुताच्या शारीरस्थानांत, सहाव्या अध्यायांत, आलें आहे. पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस जघनाच्या बहिर्भागीं असलेल्या कुकुंदर मर्मांस आघात झाल्यास अधःकायास स्पर्श कळत नाहीं व त्याची हालचाल नष्ट होते, असें सांगून ग्रंथकारानें हें मर्म वैकल्यकर गणांत घातलें आहे. असा मनुष्य पुन्हां उभा कसा करावा, हें त्या स्थळीं सांगितलेलें नाहीं.

येथें एक मोहक तर्क पुढें येतो. रोमचा वैद्य स्क्रिबोनिउस लार्गुस यानें इ. स. च्या पहिल्या शतकांत शिरःशूल व संधिवात यांवर टॉर्पेडो नामक विद्युत्-माशाचा स्पर्श सांगितला आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर यवनांचे दानलेखच आहेत. मग ही विद्या नाणेघाट चढून आली नसेल काय? प्रस्तुत लेखकास हें मान्य नाहीं. इरिलानें दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टांकीं, दिलीं. चिटानें भोजनमंडप, चंदानें गर्भद्वार. वैद्यकाचें एक अक्षरही त्यांत नाहीं. शिवाय तो मासा वेदना बधिर करण्यासाठीं होता, चालविण्यासाठीं नव्हे.

विद्युत् व स्नायू यांचा संबंध गाल्वानीनें १७९१ मध्यें बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून प्रसिद्ध केला. १९६१ मध्यें लिबर्सननें अर्धांगाच्या रोग्याचें लोंबणारें पाऊल उचलणारें यंत्र वर्णिलें. टांच उचलतांच बुटांतील कळ स्पंद सोडी. पुढें लुब्लियाना येथें क्राल्य व बाय्द यांनीं दोन्ही पाय गेलेल्यांसाठीं ही रीत वाढविली. मांडीच्या पुढील स्नायूंस त्वचेवरून स्पंद दिले, कीं गुडघे ताठ राहून मनुष्य उभा राहतो. गुडघ्याखालीं बाहेरच्या बाजूच्या मज्जातंतूस दिला, कीं पाय आपोआप आंखडून पाऊल उचललें जातें. हातांस चौकटीचा आधार मात्र लागतो, आणि स्नायू लवकर थकतात.

आतां पुन्हां कुकुंदराकडे. मज्जारज्जु वर तुटला असून खालचे तंतू शाबूत असतील, तरच स्नायू अशा स्पंदांस उत्तर देतात. इजा खालीं, कटिभागींच, होऊन मज्जातंतूंचीं मुळेंच तुटलीं असतील, तर देत नाहींत. सुश्रुतानें दाखविलेलें स्थान याच खालच्या भागीं येतें. म्हणून झाडावरून पडलेल्याचा कणा नेमका कोठें दुखावला, हें वैद्यानें आधीं पाहावें लागतें.