धर्मादायाकडून दायित्वाकडे : महाराष्ट्रातील रुग्णालये, शासकीय नियमन आणि सामाजिक जबाबदारी

प्रस्तावना

रुग्णालयाने गरीब रुग्णास कोणत्या अटीवर दाखल करून घ्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची तीन प्रकारची उत्तरे दिली गेली. दात्याची इच्छा हे पहिले, शासनाने घातलेली अट हे दुसरे आणि कंपन्यांची सामाजिक जबाबदारी हे तिसरे उत्तर होय. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा ऐतिहासिक क्रम मांडून, दान आणि दायित्व यांतील फरक रुग्णाच्या दृष्टीने कसा निर्णायक ठरतो, याचा विचार केला आहे.

दात्यांची परंपरा

मुंबईतील आधुनिक रुग्णालयांचा पाया व्यापारी वर्गाच्या देणग्यांवर घातला गेला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयासमवेत सुरू झाले. १९२६ मध्ये परळ येथे सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये सुरू केलेले टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळात अट घालण्याचा अधिकार मुख्यतः दात्याकडे होता आणि शासन वा नगरपालिका ती मान्य करीत असे. रुग्णास मिळणारी सेवा मोलाची होती; परंतु ती नाकारली गेल्यास दाद मागण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

अटीचे कायद्यात रूपांतर

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हे दोन कायदे झाले. पहिल्याचा भर नोंदणीवर, तर दुसऱ्याचा विश्वस्त संस्थांच्या कारभारावर व हिशेबावर होता. पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या कायद्यात कलम ४१ कक समाविष्ट झाले व चित्र पालटले. सवलतीच्या दराने जमीन, चटईक्षेत्रातील शिथिलता, करमाफी अशा स्वरूपाचे साहाय्य घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, असे निर्देश देण्याचा अधिकार या कलमाने दिला. यामागील तत्त्व साधे होते : समाजाने ज्याला सवलत दिली, त्याने ती सेवारूपाने समाजास परत करावी.

तथापि, कलम अस्तित्वात येणे आणि खाट उपलब्ध होणे या भिन्न गोष्टी होत्या. अंमलबजावणीचा प्रश्न २००४ मधील जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तीनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने निर्धन रुग्ण निधी स्थापन करून, या दोन घटकांव्यतिरिक्त इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम त्यात जमा करावयाची आहे. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेचा आग्रह न धरता रुग्णास दाखल करून प्राणरक्षक उपचार द्यावेत, असेही बंधन आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली; ती निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत नेण्यात आली.

या योजनेतील एक अंतर्गत विसंगती मात्र लक्षात घेतली पाहिजे. खाटांचे प्रमाण २० टक्के, तर निधीचे प्रमाण देयकांच्या २ टक्के आहे. समजा, १०० खाटांच्या रुग्णालयाची अशी देयके महिन्यास १ कोटी रुपये आहेत; तर २० खाटांवरील उपचारांसाठी निधीत अवघे २ लाख रुपये जमा होतील. एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेने असा निधी संपुष्टात येऊ शकतो. त्यामुळे खाट रिकामी असूनही निधी नाही, असे उत्तर देण्यास वाव राहतो.

कंपनी कायदा आणि सामाजिक जबाबदारी

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने सामाजिक जबाबदारीस वैधानिक रूप दिले. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. सातव्या अनुसूचीत आरोग्यसेवेचा समावेश आहे. मार्च २०२० मध्ये कोविडविषयक खर्चही त्यात ग्राह्य धरण्यात आला.

दोन्ही व्यवस्थांत २ टक्के हा आकडा आढळतो. पण त्यांचे स्वरूप भिन्न आहे. कंपनी कायदा खर्चाचे बंधन घालतो. खर्च कोणावर व कोठे करावयाचा, याची निवड बहुतांशी कंपनीच्या संचालक मंडळाकडे राहते. कलम ४१ कक मात्र विशिष्ट रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णास थेट स्थान देते. उलटपक्षी, विश्वस्त संस्था नसलेले, कंपनीच्या मालकीचे रुग्णालय कलम ४१ ककच्या कक्षेत येत नाही. ते अन्यत्र आरोग्य शिबिर भरवून कायद्याची पूर्तता करू शकते आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या खाटा निर्धनांना अप्राप्य राहू शकतात.

न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात, शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर प्राण वाचविण्याचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. दिल्लीत सवलतीच्या दराने शासकीय जमीन मिळालेल्या रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागात १० टक्के व बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के गरिबांना विनामूल्य उपचार द्यावेत, ही अट २०१८ मध्ये याच न्यायालयाने वैध ठरविली. दिल्ली आणि महाराष्ट्र येथील कायदेशीर मार्ग वेगळे असले, तरी परतफेडीचे तत्त्व एकच आहे.

समारोप

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर पुन्हा चर्चेत आला. तातडीच्या वेळी अनामत मागू नये, हा नियम तोपर्यंत जवळजवळ १९ वर्षे जुना झाला होता. म्हणजे उणीव नियमाच्या अभावात नसून त्याच्या ज्ञानात व देखरेखीत आहे. राखीव खाटांची आणि निधीतील शिल्लक रकमेची माहिती प्रवेशद्वारापाशी दररोज दिसावी, निधीच्या प्रमाणाचा फेरविचार व्हावा आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या रकमेचा काही भाग निर्धन रुग्ण निधीकडे वळविण्यास उत्तेजन मिळावे, असे सुचवावेसे वाटते. दात्याच्या औदार्याने रुग्णालये उभी राहिली, हे खरे; परंतु रात्री-अपरात्री दारी आलेल्या रुग्णास औदार्याची वाट पाहणे परवडत नाही. त्याला हक्काचीच खाट हवी असते.