खत, कज्जा आणि कुणबी

श्रोतेहो, दिवाणी न्यायाचा इतिहास म्हटला कीं कायद्यांचीं कलमें आणि मोठमोठ्या न्यायाधीशांचीं नांवें डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी कागदाविषयीं बोलणार आहें. दाव्यांत हजर केलेला कागद कोणासमक्ष लिहिला गेला आणि तो कितपत खरा मानावा, या प्रश्नावर आपल्याकडील कुणब्याची जमीन कित्येक वर्षें अवलंबून होती.

मराठेशाहींत वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरी लिहून देत आणि होईल तो निवाडा मान्य करूं असा राजीनामा आधींच देत. मग गोतसभा बसे. महजरावर गांवच्या वतनदारांचीं व बलुतेदारांचीं नांवें येत; लिहितां न येणाऱ्या कुणब्याची नांगराची निशाणी असे. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी; तेव्हां तो न्याय फुकट मिळे असें कोणीं समजूं नये! परंतु कागद चारचौघांच्या देखत होई.

सोलापूर मे १८१८ मध्यें इंग्रजांकडे गेलें. एल्फिन्स्टनसाहेबांनीं पंचायती शक्य तोंवर चालू ठेवल्या. पुढें १८२७ चे नियम झाले. त्यांतील चौथ्या नियमानें ठरविलें कीं, लेखी कायदा नसेल तेथें देशरिवाज पाहावा, तो नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि तोही नसेल तर न्याय, नीति व सदसद्विवेक. या शेवटल्या दारानें इंग्लंडांतील न्यायतत्त्वें आपल्या कोर्टांत शिरलीं.

खरा फरक १८५९ नंतर जाणवला. त्या सालीं दिवाणी कामाची संहिता आली आणि मुदतीचा कायदाही आला. साध्या खताची मुदत तीन वर्षें. हेतु हा कीं जुनीं येणीं उकरूं नयेत. घडलें मात्र उलट. मुदत संपत आली कीं सावकार मुद्दल व व्याज मिळून नवें खत लिहून घेई. शिक्षकाच्या संवयीनें हिशेब मांडून दाखवितों. शंभर रुपये, दरमहा दरशेंकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनीं एकशें बहात्तर. खत पालटलें कीं सहा वर्षांनीं जवळजवळ दोनशें शहाण्णव, नऊ वर्षांनीं पांचशें आठांच्या वर. कोर्टापुढें येई तें शेवटलें खत. कुणबी बहुधा हजरच होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा पेटला. पुणें व नगर जिल्ह्यांत लोकांनीं सावकारांना घेरलें. मागणी खतें आणि हुकूमनामे यांची. ते मुकाट्यानें मिळाले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. कुणब्यानें शत्रु बरोबर ओळखला होता.

चौकशीअंतीं १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. तो पुणें, सातारा, नगर व आपला सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं होता. खत गांव-रजिस्ट्रारासमक्ष व्हावें, पैसे फेडल्याची पावती द्यावी, हुकूमनाम्याच्या पैशांसाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, अशीं कलमें त्यांत होतीं. माझ्या मतें सर्वांत मोठें कलम बारावें. मुनसफानें खतावर न थांबतां पहिल्या देण्यापासूनचा सारा व्यवहार उकलावा, असें तें सांगे. त्यापुढील कलमानें मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे केले आणि व्याजावरील व्याज तोडलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९३ मध्यें हायकोर्टांत जाण्यापूर्वीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें.

सावकारही स्वस्थ बसला नाहीं. खताऐवजीं तो जमिनीचें खरेदीखतच लिहून घेऊं लागला. पैसे फिटले कीं जमीन परत, हा करार तोंडीच राही. म्हणून पुढें कायद्याला आणखी एक कलम जोडावें लागलें: खरेदीखत दिसणारा कागद वस्तुतः गहाणाचा होता, हें तोंडी पुराव्यानेंही दाखवितां येईल.