शंकरपटातील दुखापत आणि शुश्रूषा : भंडारा जिल्ह्यातील एका खेळाचा इतिहास

शंकरपट हा पूर्व विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतींचा जुना खेळ. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानाचा, आणि पटाचे वेळापत्रक धानाशीच बांधलेले. कापणी झाली, चुरणे आटोपले आणि बैलांना उसंत मिळाली की साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागात पट भरू लागतात, ते थंडी सरेपर्यंत. पटाच्या दिवशी घरोघर पाहुण्यांचा मुक्काम असतो, सोयरिकीची बोलणी होतात आणि रात्री पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक रंगते. या रंगभूमीला पटाच्या गर्दीचा मोठा आधार मिळाला.

पटात हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपतात. छकड्यावरील धुरकरी कासरा धरून जोडी हाकतो. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, तर कुठे जोडी एकटीच धावते आणि निकाल घड्याळावर लागतो. विदर्भातील गवळाऊ जातीचे बैल चालीला चपळ म्हणून पूर्वीपासून नावाजलेले आहेत. पटाच्या बैलाची बडदास्त वेगळी असते. नांगर-वखराच्या जड कामाला त्याला सहसा लावत नाहीत. तणसाच्या जोडीला ढेप आणि भिजवलेले धान्य मिळते आणि हंगामाआधी धावण्याचा सराव होतो.

पटातील बैलाची कारकीर्द पायांवर आणि खांद्यावर अवलंबून असते. कडक जमिनीवर भरधाव धावताना खुरांना भेगा पडतात, पाय मुरगळतो, सांध्यांना सूज येते. जू घासून खांदा येतो. कासरा जोरात ओढला की वेसणीने नाकपुडी कापते. दोन्ही बैलांचा वेग सारखा नसेल तर जोडी एका अंगाला ओढली जाते, छकडा कलंडतो, धुरकरी खाली पडतो आणि चाकाखाली सापडण्याचा धोका असतो. बुजलेली जोडी गर्दीत शिरली तर प्रेक्षकही जखमी होतात.

या अपघाती दुखापतींहून गंभीर प्रकार माणसाच्या हातून होणाऱ्या इजेचा. वेग वाढवण्यासाठी खिळा लावलेली पराणी टोचणे, शेपटी पिरगळणे किंवा चावणे, विजेचा झटका देणे, दारू पाजणे असे प्रकार राज्यभरातील शर्यतींत बोकाळले. बक्षिसांची रक्कम आणि पैजा वाढल्या तसे ते वाढत गेले. पुढे या खेळावर बंदी आली ती प्रामुख्याने याच प्रकारांमुळे.

दुसऱ्या बाजूने, बैलाच्या शुश्रूषेची परंपरा याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्रावण अमावास्येला पोळा येतो. त्याच्या आदल्या दिवशी बैलांना नदी-तळ्यावर धुतात आणि संध्याकाळी त्यांचे खांदे शेकतात. पळसाची पाने कोमट पाण्यात बुडवून जू बसते त्या जागी फिरवली जातात, मग हळद आणि तूप किंवा लोणी चोळले जाते. त्याच वेळी बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. वर्षभर ओझे वाहणाऱ्या अवयवाची काळजी सणातच गुंफलेली आहे. मुरगळलेल्या पायाला हळद-तेलाचा लेप आणि शेक, खुरातील काटा काढून जखम धुणे, सूज उतरेपर्यंत जोडी न जुंपणे हे घरचे उपाय. तापल्या लोखंडाने डागणी देण्याचा जुना उपाय मात्र वेदनादायक आणि घातक होता.

शास्त्रीय उपचारांची सोय पुढच्या काळात वाढली. नागपूरला 1958 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि 2000 मध्ये त्याच शहरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखाने, धनुर्वाताची लस आणि लाळ्या-खुरकुताचे लसीकरण यांमुळे, पूर्वी बैल गमावावा लागे अशा कित्येक प्रसंगी तो वाचू लागला.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा 1960 चा. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता वा प्रदर्शित करता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, हा त्या निकालातील एक मुद्दा होता. भंडाऱ्यातील पट थांबले. पटाच्या गर्दीवर चालणारी दुकाने आणि नाटक मंडळ्या यांनाही झळ बसली.

महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्ये शर्यतींना वाट देण्यासाठी या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात, 2022 मध्ये, लम्पी त्वचारोगाच्या साथीने गुरांची ने-आण आणि शर्यती काही काळ पुन्हा थांबल्या.

आजच्या नियमांनुसार पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नसावी, बैल धावण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला असावा, काठी, चाबूक, पराणी वा विजेचे साधन वापरू नये, अशा अटी आहेत. बैलाला वेदना देणाऱ्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोळ्याला खांदा शेकणाऱ्या समाजाला या अटी परक्या वाटण्याचे कारण नाही. घरच्या गोठ्यात जी माया होती ती मैदानावर टिकली नाही, म्हणून कायद्याला मध्ये यावे लागले. पट परत आला तो या अटींवरच. जखमी बैल धावपट्टीबाहेर ठेवण्याची जबाबदारी आयोजक, धुरकरी आणि प्रेक्षक यांनी मनापासून पाळली, तरच भंडाऱ्याचा शंकरपट पुढे चालेल.