पाळणाघरातील तान्ह्या बाळाची झोप : उताणेच का निजवावे?

बेंगळुरू : नोकरीवर परतण्यापूर्वी पाळणाघर निवडताना पालक स्वच्छता, खाणे, सीसीटीव्ही यांची बारकाईने चौकशी करतात. बाळाला दुपारी कसे निजविले जाते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बाळ एक वर्षाखालील असेल तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा.

निरोगी दिसणारे तान्हे बाळ झोपेत दगावते आणि शवविच्छेदन व सखोल तपासानंतरही कारण सापडत नाही, तेव्हा वैद्यकशास्त्र त्यास ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’ अर्थात ‘सिड्स’ म्हणते. असे मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक आढळतात. पालथे बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढून घेऊ शकते, त्याचे अंग अधिक तापते आणि श्वास कोंडला तरी ते सहज जागे होत नाही. पालथे बाळ गाढ झोपते, हा आयांचा अनुभव खोटा नाही. धोका त्या गाढ झोपेतच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळांना पालथे न निजविण्याची शिफारस केली, १९९४ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

पाळणाघरांकडे लक्ष वेधले गेले ते त्यानंतर. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिड्सचे सुमारे २० टक्के मृत्यू आईवडिलांव्यतिरिक्त इतरांच्या देखरेखीत झाल्याचे दिसले. घरी उताणे झोपण्याची सवय असलेल्या बाळाला तेथे पालथे निजविले गेले, तर धोका अनेक पटींनी वाढतो. पहिला आठवडा विशेष जपण्याचा.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा बंधनकारक झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. बेंगळुरूतील आयटी कंपन्या आणि हजारो महिलांना रोजगार देणारे तयार कपड्यांचे कारखाने या दोहोंशी तिचा थेट संबंध येतो. रजा २६ आठवड्यांची असली तरी त्यातील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते घेतल्यास आई परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. आधीची दोन अपत्ये हयात असतील तर रजा १२ आठवड्यांचीच; म्हणजे बाळ याहूनही लहान. केंद्राची ‘पाळणा’ योजना मात्र सहा महिन्यांपुढील मुलांचा विचार करते. धोक्याच्या वयातील बाळाची काळजी अशा वेळी सर्वस्वी आयेच्या जाणतेपणावर राहते.

बाळाला प्रत्येक झोपेसाठी, अगदी दहा मिनिटांच्या डुलकीसाठीही, उताणे निजवावे. कुशीवर ठेवलेले बाळ सहज पालथे होते. अंथरूण सपाट व घट्ट असावे. त्यावर उशी, लोड, गोधडी वा खेळणी नसावीत. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशीही झोपेच्या वेळी नको. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबू शकतो. ‘पाळणाघर’ या शब्दातच पाळणा असला, तरी पाळणा सपाट तळाचा हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात हवा गार म्हणून टोपडे, स्वेटर, दुपटे असे थर चढविले जातात. घरात झोपलेल्या बाळाला टोपडे नको आणि छातीला हात लावून अंग तापले नाही ना, हे पाहावे. बाळ कुशीवर वळू लागले की दुपट्यात घट्ट गुंडाळणे बंद करावे.

उताण्या बाळाने दूध ओकल्यास ते श्वासनलिकेत जाईल, ही भीती आजीपासून आयेपर्यंत सर्वांना असते. प्रत्यक्षात उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत उतरण्याची शक्यता त्यामुळे कमीच. जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना बाळाला पोटावर खेळविणे मात्र आवश्यक आहे.

ही सूचना पाळणाघराला लेखी द्यावी आणि आयेला तिच्या भाषेत सांगावी. कन्नडमध्ये ‘अंगात मलगिसि’ म्हणजे ‘उताणे निजवा’.