घरगुती श्रवणासाठी हेडफोनची निवड : भिवंडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

नित्याच्या वापरातील वस्तूंचा इतिहास लिहिताना त्या वस्तूंच्या गुणांची कसोटी कोठे आणि कोणी ठरविली, हा प्रश्न सहसा मागे राहतो. हेडफोनविषयी आज असे म्हटले जाते की, तो कानास सुखकर असावा, खिशास परवडणारा असावा आणि त्याचा ध्वनी 'तटस्थ' असावा. तटस्थ म्हणजे मुद्रणात जे आहे त्यात स्वतःची भर न घालणारा. खर्ज फुगविणार नाही व तारस्वर टोकदार करणार नाही असा. ही व्याख्या निर्विवाद वाटते. तथापि ती निःशब्द प्रयोगशाळेत घडलेली आहे. यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात तिचे काय होते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात भिवंडी शहराचा संदर्भ घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग वसविले. पुढे तेलंगणातील पद्मशाली विणकरही येथे स्थायिक झाले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळसे विणकाम भिवंडीकडे वळले. गिरण्यांतून भंगारात निघालेले माग येथे येऊन पुन्हा चालू झाले. ह्या मागांत लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीबरोबर आघात होतो. मागशाळेतील ध्वनीची पातळी सामान्यतः ९० डेसिबेलच्या वर असते. निवासी क्षेत्रासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. परंतु खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी जेथे रचना आहे, तेथे निवासी व औद्योगिक हा भेद कागदावरच राहतो.

आता हेडफोनच्या इतिहासाकडे वळू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या १.५ किलोवॉट प्रक्षेपकाचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, मानला जाई. भिवंडी ह्या वर्तुळाच्या कडेवर पडते. त्या काळी अल्पखर्चात ऐकण्याचे साधन म्हणजे स्फटिकग्राही. त्याला विजेची गरज नसे. मात्र त्यातून मिळणारी शक्ती इतकी अल्प असे की, कर्णा वाजणे शक्य नव्हते. हेडफोन डोक्याला लावूनच ऐकावे लागे. अमेरिकेतील नॅथानिएल बाल्डविन ह्याने १९१० साली नौदलासाठी बनविलेले हेडफोन ह्याच जातीचे होते. त्या काळच्या सामान्य हेडफोनांत पातळ पोलादी पडदा आणि त्यामागे चुंबक, अशी रचना असे. असा पडदा १००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागे आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होई. शब्द कळले की श्रोता समाधानी. ध्वनीची तटस्थता हा प्रश्नच तेव्हा उद्भवला नव्हता.

तो उद्भवण्यासाठी साधन बदलावे लागले. १९३७ साली जर्मनीत ऑयगेन बायर ह्याच्या कंपनीने डीटी ४८ हा गतिमान वेटोळ्याचा हेडफोन काढला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस ह्याने दोन कानांस दोन स्वतंत्र ध्वनी देणारा हेडफोन संगीताच्या घरगुती श्रवणासाठी विक्रीस आणला. १९६८ साली झेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ आला. त्याची पाठ उघडी होती आणि वजन अवघे १३५ ग्रॅम. उघड्या पाठीमुळे आवाज कोंडत नाही व कान तापत नाहीत, म्हणून सुखकर आणि तटस्थ हेडफोन म्हणजे उघड्या पाठीचा हेडफोन, असे समीकरण जाणकारांत रूढ झाले. हे समीकरण ज्या घरांत जन्मले ती घरे शांत होती, ही गोष्ट मात्र कोणी वेगळी नोंदविली नाही.

तटस्थतेचे मापही स्थिर राहिलेले नाही. प्रथम मोकळ्या जागेत समोरून येणारा ध्वनी हा आदर्श मानला गेला. १९८० च्या दशकात म्युनिक येथील गुंटर थाइले ह्यांनी सर्व दिशांनी सारखा येणारा ध्वनी प्रमाण मानावा, असे प्रतिपादन केले. २०१२ नंतर शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी ह्यांनी श्रोत्यांची पसंती प्रयोगाने तपासली, आणि चांगल्या खोलीत चांगला ध्वनिक्षेपक जसा ऐकू येतो त्याच्या जवळ जाणारा आलेख सुचविला. अल्प ऐपतीच्या ग्राहकास त्याहूनही महत्त्वाचा निष्कर्ष २०१७ चा आहे. येरून ब्रेबार्ट ह्यांनी २८३ हेडफोनांची मापे तपासली. त्यांत किंमत आणि ध्वनीचा आलेख ह्यांत कोणताही संबंध आढळला नाही. म्हणजे तटस्थ ध्वनी ही श्रीमंतांची मिरास नव्हे. अधिक पैसे बहुधा बांधणीला, नावाला आणि सजावटीला पडतात.

हा इतिहास ध्यानी घेऊन भिवंडीतील खोलीत परत आल्यास निवडीचा क्रम बदलतो. उघड्या पाठीचा हेडफोन येथे मागाचा आवाज जसाच्या तसा आत घेतो. गाण्यातील मंद स्वर त्यात बुडतात, आणि मुळात तटस्थ असलेले साधन व्यवहारात तटस्थ राहत नाही. बंद पाठीचा, कानाभोवती पूर्ण बसणारा हेडफोन उच्च कंप्रतेचा ध्वनी बराच अडवितो; खर्जाचा मात्र फारच थोडा. धोट्याच्या आघातात मध्यम व उच्च कंप्रतांचा वाटा मोठा असल्याने हे साधन येथे उपयोगी पडते. उलट विद्युत्-युक्तीने गोंगाट पुसणारा हेडफोन विमानाच्या संथ घरघरीवर प्रभावी असला, तरी अशा तुटक आघातांवर त्याचा प्रभाव कमी. मर्यादित पैशात ती युक्ती विकत घेण्यापेक्षा चांगली गादी विकत घ्यावी.

गादीचा प्रश्न केवळ सुखाचा नाही. गादी आणि कानशील ह्यांत फट राहिली की खर्ज गळून जातो. चष्म्याची दांडी तेवढी फट सहज पाडते. म्हणून सुखकरता व तटस्थता हे दोन वेगळे गुण नव्हेत. जो हेडफोन नीट बसतो तोच खरे बोलतो. पकड बेताची, वजन ३०० ग्रॅमच्या आत, गादी खोल व मऊ, आणि गादी व तार बदलता येण्याजोगी, एवढे पाहावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत व घामात कृत्रिम चामडे सोलवटते. गादी बदलता येत नसेल तर स्वस्त वस्तू महाग पडते. पारखताना ओळखीच्या माणसाचा मुद्रित आवाज ऐकावा, नंतर तंबोऱ्याची जवारी व डग्ग्याचा घुमारा. तिन्ही ओळखीचे वाटले तर हेडफोन पुरेसा तटस्थ आहे.

येथे एक गंभीर अडचण उभी राहते. मागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या कामगाराचा कान त्या दिवसापुरता बधिर झालेला असतो. वर्षानुवर्षांनंतर हा बधिरपणा कायमचा होतो, आणि त्याचा प्रारंभ बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होतो. अशा कानास तटस्थ हेडफोन मंद वाटतो, आणि तारस्वर चढविलेला हेडफोन 'स्पष्ट' वाटतो. तो आवाज आणखी वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबेलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबेल वाढीस वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबेलला केवळ ५ तास उरतात. ह्या हिशेबाने मागकामगाराचा आठवड्याचा वाटा पहिल्या पाळीतच संपतो. त्याच्यासाठी हेडफोनचा पहिला गुण म्हणजे हळू आवाजातही ऐकू येऊ देणे, आणि बंद पाठीचे खरे मोल तेथे आहे. अर्थात गाणे ऐकण्याचा हेडफोन म्हणजे मागशाळेतील कर्णरक्षक नव्हे. तो देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ग्राहकाच्या शहाणपणाने तिची भरपाई होत नाही.

मुंबईच्या जकातीबाहेर असल्यामुळे भिवंडीच्या महामार्गालगत गोदामे वाढली. २०१७ साली जकात गेली, गोदामे राहिली. आज घरपोच व्यापारातील विद्युत्-उपकरणे मोठ्या प्रमाणावर ह्याच गोदामांतून देशभर जातात. त्या खोक्यांवर 'स्वच्छ ध्वनी' असे छापलेले असते. स्वच्छ म्हणजे कोणत्या खोलीत आणि कोणाच्या कानास, हे खोके सांगत नाही. ते विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि ग्राहकाचेही.