शीव ते खंडाळा : घाटातील आगगाडी

'शीव' या नावाचे मूळ संस्कृत 'सीमा' हे होय. मुंबई बेटाची उत्तर हद्द येथे संपत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली आगगाडी ही हद्द विनासायास ओलांडून गेली. इंजिनाची खरी कसोटी लागली ती बोरघाटात.

१८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गाची चढण काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतकी खडी होती. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर गाडी वळण्यास जागाच नव्हती. म्हणून रिव्हर्सिंग स्टेशनात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत आणि उलट दिशेने उरलेला चढ चढत. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाके घसरत. उतरताना सारी भिस्त ब्रेकांवर. पेरू देशात १८७० पासून बांधलेल्या लोहमार्गानेही अँडीज पर्वतात सुमारे ४,७८० मीटर उंची गाठताना हीच मागेपुढे करण्याची युक्ती योजिली.

बोरघाटाच्या वृत्तांतात मुख्य अभियंता जेम्स बर्कली, मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल आणि १८५९ मध्ये तो वारल्यावर मक्ता पुढे चालविणारी त्याची पत्नी ॲलिस यांची नावे सापडतात. १८६१ च्या सुमारास राबणाऱ्या चाळीस हजारांवर मजुरांची सापडत नाहीत. पटकीने त्यांतील कित्येक दगावले. दप्तरात ते ठळकपणे येतात ते १८५९ च्या जानेवारीत, थकलेल्या मजुरीसाठी त्यांनी दंगा केला तेव्हा. आणि तेही उपद्रव म्हणून! त्यांनी रचलेला एक मोठा पूल १८६७ साली कोसळला. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले.