माळवद ते स्लॅब

आपल्या लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांवर माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर फूट-दोन फूट पांढरी माती. भर वैशाखात आत गारवा! गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती पडे. जुनी कोण काढणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर पट्ट्यात झोपलेली माणसं त्याच ओझ्याखाली, जाड दगडी भिंतींखाली गेली. मृत सुमारे ८,०००. पुनर्वसनात स्लॅब आले; भीती कमी झाली, उन्हाळा मात्र घरात शिरला. मातीचं काम आज फोमचे हलके तक्ते करू शकतात. स्लॅबवर ते अंथरून वर काँक्रीटचा थर देतात. माती स्वतःच्या वजनानं बसे. हे तक्ते मात्र ओल्या काँक्रीटमध्ये वर येतात. म्हणून ओतण्याआधीच ते खाली पक्के करायचे आणि सांधे चिकटपट्टीनं बंद करायचे.